ब्लॅक कूम हिवाळ्यात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टचा नकाशा उघडला की मोठे डोंगर मधोमध दाटीवाटीने उभे दिसतात. नैऋत्येच्या कोपऱ्यात मात्र, थेट आयरिश समुद्राच्या अंगाला, रुंद पाठीचा एक डोंगर बाकीच्यांपासून फटकून बसलेला आहे. तो ब्लॅक कूम. उंची ६०० मीटर. आकडा छोटा वाटेल, पण पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे चढ पुरेपूर अंगावर येतो. सिंहगड आतकरवाडीकडून चढलेल्यांना हा चढ साधारण तेवढाच वाटेल.

मँचेस्टर, लीड्स, प्रेस्टनकडे राहणारी, सह्याद्रीत पाय मुरलेली मराठी मंडळी इथल्या हिवाळ्यात पहिला डोंगर कोणता करावा असं विचारतात, तेव्हा मी ब्लॅक कूम सुचवतो. वाट रुंद आणि मळलेली आहे. हात लावून चढावा असा एकही कातळटप्पा नाही. समुद्राच्या उबेमुळे आणि कमी उंचीमुळे बर्फ आतल्या डोंगरांइतका साचत नाही, साचला तरी फार टिकत नाही.

पण नवखे लोक नेमके बर्फाच्या तयारीने येतात आणि त्यांची गाठ पडते वाऱ्याशी, ओलाव्याशी आणि दुपारी चारला पडणाऱ्या अंधाराशी. आपल्याकडे हिवाळा म्हणजे ट्रेकचा सुखाचा हंगाम: पाऊस सरलेला, हवा कोरडी, पहाटे स्वेटर आणि दहाला टीशर्ट. इथलं गणित त्याच्या अगदी उलट आहे. म्हणून या लेखात बर्फाबद्दल थोडं आणि या तीन गोष्टींबद्दल भरपूर लिहिलं आहे.

आधी डोंगर समजून घ्या

लेक डिस्ट्रिक्टच्या मधले डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचे, म्हणून ते कडेकपारींचे. ब्लॅक कूम स्किडॉ स्लेटचा आहे. पंचेचाळीस कोटी वर्षांहूनही आधी समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा हा खडक. तो झिजतो तो गुळगुळीत, त्यामुळे डोंगराला आकार आला आहे गोलसर आणि गवताळ. स्वच्छ हवेत ही मोठी सोय आहे, कारण कुठूनही चालता येतं. धुक्यात हीच गोष्ट अंगाशी येते. माथा पसरट, सगळीकडे एकसारखं गवत, खूण म्हणून लक्षात ठेवावा असा दगडही मिळत नाही.

एक बाजू तेवढी अपवाद. माथ्याच्या पूर्वेला ब्लॅक कूम स्क्रीज नावाचे कडे आणि घसारा आहे. सपाटीवरून चालता चालता जमीन तिथे एकदम खाली जाते. अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: माथ्यावरून परतताना पूर्वेकडे जायचं नाही.

दिवस निवडणं

शनिवारी सुट्टी आहे म्हणून शनिवारी जायचं, हा विचार इथे सोडून द्यावा. दोन-तीन आठवड्यांची शनिवार-रविवारची यादी करा आणि त्यातला हवामानाला पसंत पडेल तो दिवस घ्या.

शहराचा अंदाज पाहून उपयोग नाही. मेट ऑफिस या ब्रिटनच्या हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो, आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसही लेक डिस्ट्रिक्टसाठी रोज अंदाज देते. दोन्ही आदल्या दिवशी संध्याकाळी वाचा, सकाळी निघताना पुन्हा वाचा. त्यात या गोष्टी पाहा.

पहिला वारा. इथे तो बहुतेक वेळा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्रावरून येतो आणि त्याच्या वाटेत आडवा येणारा पहिला उंच डोंगर ब्लॅक कूमच असतो. माथ्यावरचा सरासरी वारा ताशी २५ मैलांपेक्षा जास्त सांगितला असेल तर नवख्यांनी त्या दिवशी जाऊ नये, असं माझं मत आहे. झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोही पाहा. ताशी ४० मैलांचा झोत धडधाकट माणसालाही पाऊल सोडून बाजूला टाकायला लावतो.

दुसरी गोष्ट ढगांची पातळी. माथा ढगाबाहेर राहण्याची शक्यता किती, हे अंदाजात दिलेलं असतं. पहिल्या खेपेला माथा उघडा राहील असाच दिवस घ्या. त्याचं कारण सुरक्षेचं आहेच, पण इतक्या लांब येऊन समुद्र दिसला नाही तर काय मजा!

तिसरी गोष्ट तापमान, पण ते वाऱ्याबरोबर वाचायचं. पायथ्याला ६ अंश असेल तर माथ्यावर साधारण २ अंश असतं. त्यात ताशी ३० मैलांचा वारा मिसळला की उघड्या कातडीला ते उणे ५ सारखं लागतं. आणि अंग ओलं असेल तर कोरड्या, गोठलेल्या दिवसापेक्षा २ अंशांचा भिजका दिवस जास्त वाईट. इथे थंडीने माणूस गारठून जातो तो बहुतेक अशाच दिवशी, पांढऱ्याशुभ्र बर्फातल्या छान दिवशी नव्हे.

बर्फ पडून घट्ट गोठला असेल तर पहिल्या खेपेसाठी तो दिवस सोडा. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) ही हत्यारं शिकून वापरायची असतात, विकत घेऊन लगेच वापरायची नाहीत. गवतावर नुसतं दव गोठलं असेल तर बुटांवर चढवायचे छोटे मायक्रोस्पाइक पिशवीत असू द्यावेत.

सगळ्यात चांगला दिवस कोणता? पावसाचा पट्टा रात्री सरकून गेला आहे आणि सकाळी वायव्येची थंड, धुतलेली हवा आली आहे, तो. त्या दिवशी नजर पोचेल तिथवर दिसतं.

उजेडाचं गणित

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला दहा मिनिटं कमी असताना मावळतो. दिवस सव्वासात-साडेसात तासांचा. फेब्रुवारीच्या शेवटी हाच सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास जातो. म्हणून पहिली खेप फेब्रुवारीत करा, असं मी सुचवेन. हिवाळा पुरता अनुभवायला मिळतो आणि हाताशी दोन-अडीच तास जास्त राहतात.

चालण्याचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून चालतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पायथ्याच्या सिलक्रॉफ्ट स्टेशनपासून माथा आणि परत, अंतर साधारण १० किलोमीटर. म्हणजे दोन तास, वर चढाचा एक तास. कागदावर तीन तास झाले. आता थंडी, चिखल, खाणंपिणं, फोटो, थर चढवणं-उतरवणं आणि गटातला सगळ्यात हळू चालणारा माणूस धरा. पाच तास धरले तर कोणाची धांदल उडत नाही.

निघण्याआधीच परतीची वेळ ठरवा. डिसेंबरात सकाळी साडेनऊला पायथ्याच्या व्हिचम गावातल्या चर्चपाशी चालायला लागलात तर साडेबारा ही परतीची वेळ. साडेबाराला माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचं. ही गोष्ट वर पोचल्यावर चर्चेला घेऊ नका, पायथ्यालाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आणि हिशेब कितीही चोख असला तरी हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. दोघांत एक नव्हे, मोबाइलचा उजेडही नव्हे.

अंगावर काय, पिशवीत काय

सुती कपडे घरी ठेवा. सुती बनियन घामाने भिजला की वाळत नाही, अंगाला चिकटून उष्णता ओढत राहतो. जीन्सचंही तेच. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. जॅकेट सगळे आणतात, पाणी अडवणारी पँट मात्र निम्मे लोक विसरतात, आणि समुद्रावरून आडवा येणारा पाऊस पहिल्यांदा मांड्याच भिजवतो. पिशवीत एक जाड गरम जॅकेट वेगळं ठेवा, ते फक्त थांबल्यावर घालायचं.

चर्चपासून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिला चढ तीव्र आहे, दहा मिनिटांत अंग तापतं. सगळे थर घालून निघालात तर घाम येईल आणि तोच घाम माथ्यावरच्या वाऱ्यात तुम्हाला गारठवेल.

हातमोजे दोन जोड्या. याबाबत मी हट्टी आहे. पहिली जोडी भिजतेच. बोटं बधिर झाली की जॅकेटची चेन लागत नाही, टॉर्चचं बटण दाबलं जात नाही, चॉकलेटचा कागद फाटत नाही. हात गेले की बाकीची सगळी तयारी पिशवीत असून नसल्यासारखी. कानटोपी हवी, आणि गळ्याभोवती तोंडावर ओढता येईल अशी कापडी नळी असली तर उत्तम.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांचे, पाणी न घेणारे. ओल्या गवतावर गुळगुळीत झालेले बूट साबणावरून चालल्यासारखे सरकतात. चालायच्या काठ्या उतारावर गुडघ्यांना मोठा आधार देतात.

खाण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही, फक्त एक पथ्य पाळा: हातमोजे न काढता, उभ्याउभ्या, दोन घासांत संपेल असं खाणं न्या. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की तुकडे करून, गूळपोळीच्या चौकोनी वड्या. पराठा-भाजी-लोणचं असा बेत माथ्यावर मांडला तर वीस मिनिटं जातात आणि सगळे थिजतात. थर्मॉसमध्ये चहा किंवा गरम सूप. साधं पाणीही हवंच, थंडीत तहान लागल्याचं कळत नाही.

बाकीचं थोडक्यात: शिट्टी, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पुडी, आणि आत शिरून बसता येईल अशी नारिंगी प्लास्टिकची मोठी पिशवी. ही पिशवी स्वस्त मिळते आणि पाय मुरगळून तासभर थांबावं लागलं तर तीच माणसाला तगवते. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते.

नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे करणाऱ्या संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ६ क्रमांकाचा नकाशा घ्या, १:२५,०००चा. होकायंत्र घ्या आणि घराजवळच्या मैदानात ते वापरून पाहा. फोनवर नकाशा उतरवून ठेवायलाही हरकत नाही, पण फोन एकटा पुरत नाही. माथ्याचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारा क्रमांक, एसडी १३५ ८५४. तो कागदावर लिहून खिशात ठेवा.

वाट

रेल्वेने येणार असाल तर बॅरो-इन-फर्नेस ते कार्लाइल या किनाऱ्याच्या मार्गावरचं सिलक्रॉफ्ट स्टेशन. इथे गाडी मागणी असेल तरच थांबते. उतरायचं असेल तर गाडीतल्या गार्डला आधी सांगा, आणि परतताना फलाटावर दिसेल असं उभं राहून चालकाला हात करा. रविवारी गाड्या कमी असतात आणि वादळी हवेत या मार्गाचं वेळापत्रक कोलमडू शकतं, म्हणून परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवा. गाडीने येणाऱ्यांसाठी व्हिचमच्या सेंट मेरी चर्चजवळ मोजक्या वाहनांची जागा आहे. रविवारी तिथे प्रार्थनेला माणसं येतात, त्यांची वाट अडवू नका.

स्टेशनवरून गावातून वर चालत व्हिचमकडे या. ए-५९५ हा वेगवान वाहनांचा रस्ता आहे. सकाळच्या अंधुक उजेडात तो जपून ओलांडा, रस्त्याच्या कडेने एकामागोमाग चाला.

चर्चच्या मागून एक गल्ली शेतघराच्या बाजूने डोंगराच्या फाटकापर्यंत नेते. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद करून जायचं. पुढे हर्डविक जातीच्या मेंढ्या चरत असतात, पांढऱ्या तोंडाच्या आणि राखाडी लोकरीच्या. हिवाळाभर त्या उघड्यावर राहतात आणि त्यांच्या अंगातली ताकद जपून ठेवलेली असते. त्यांना पळवू नका, कुत्रा असेल तर दोरीने धरा.

फाटकातून वर गेल्यावर चढ लगेच सुरू होतो. एका लहान घळीच्या कडेने, वाळून तांबूस झालेल्या नेच्यांमधून हिरवी रुंद वाट चढते. हा टप्पा ओला असला तर सगळ्यात घसरडा. सावकाश चढा. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून एक थर काढा आणि मागे वळून पाहा: सिलक्रॉफ्टचा किनारा, रूळ, आणि लांबवर समुद्रातल्या पवनचक्क्यांचं रान. त्यातला २०१८ मध्ये सुरू झालेला वॉल्नी एक्स्टेंशन हा भाग ८७ पवनचक्क्यांचा, ६५९ मेगावॉटचा, आणि सुरू झाला तेव्हा समुद्रातला जगातला सगळ्यात मोठा होता. पाती कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते पाहिलं की वर वारा कुठून येणार याचाही अंदाज येतो.

साधारण अर्ध्या उंचीवर चढ सौम्य होतो. इथून पुढे लांबच लांब, एकसुरी चढण. दमछाक होत नाही, पण आडोसा संपलेला असतो. वारा पहिल्यांदा इथेच जाणवतो, आणि निर्णय घ्यायची जागाही हीच. गटातल्या प्रत्येकाशी दोन वाक्यं बोला. कोणी गप्प झालं असेल, अडखळत असेल, चिडचिडत असेल तर त्याला गरम द्या, खायला द्या, तरीही फरक पडला नाही तर सगळ्यांनी मिळून खाली या. एकट्याला खाली पाठवू नका.

आता नवख्यांना हमखास चकवणारी जागा. मुख्य वाट माथ्यावर जात नाही. ती माथ्याला उजव्या हाताला ठेवून पश्चिमेच्या अंगाने पुढे बूटल गावाकडे उतरते. चढ जवळजवळ संपल्यावर उजवीकडे फुटणारी पायवाट माथ्याकडे नेते. हवा स्वच्छ असेल तर ती दिसते. ढग असेल तर फाट्यापाशी थांबा, नकाशावर जागा पक्की करा, होकायंत्रावर माथ्याची दिशा घ्या, आणि वेळ बघून पावलं टाका.

माथा

माथ्यावर सर्वेक्षणाचा काँक्रीटचा खांब आहे आणि त्याच्याभोवती वाऱ्यापासून आडोसा म्हणून रचलेली दगडांची गोल भिंत. पोचल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न बघता, जाड जॅकेट घाला. मग बसा. गोठलेल्या ढगात खांबावर बर्फाची पिसं चढतात, आणि ती वारा जिकडून येतो त्या बाजूला वाढलेली असतात. रात्री वारा कुठून होता हे त्यावरून नेमकं वाचता येतं.

हवा साथ देत असेल तर पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर आइल ऑफ मॅन, उत्तरेला पाण्यापलीकडे स्कॉटलंडचे गॅलोवे डोंगर, दक्षिणेला वेल्सची रांग. ईशान्येला ९७८ मीटरचा स्कॅफेल पाइक आणि त्याचे सोबती, बहुधा पांढरे. खाली डडन नदीचं वाळूने भरलेलं मुख. एकटा असल्यामुळेच हा डोंगर इतकं दाखवू शकतो, मध्ये येणारं कोणी नाही. दक्षिणेला थोड्या अंतरावर दगडांचा मोठा ढीग असलेलं दुसरं टोक आहे, मधल्या खोलगटात छोटं तळं. तिथून समुद्र जास्त जवळ वाटतो. वेळ असेल तरच जा.

उतरताना

आल्या वाटेनेच उतरा. पूर्वेची, व्हाइट कूम या शेजारच्या टेकडीवरून फिरून येणारी वाट सुंदर आहे, पण ती उन्हाळ्यासाठी किंवा दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. खांबापासून निघताना, हवा कितीही स्वच्छ असली तरी, होकायंत्र हातात घेऊन दिशा पाहा: आधी पश्चिमेकडे मुख्य वाटेपर्यंत, मग दक्षिणेला. ढगात वाट सापडली नाही तर शोधत पांगू नका. सगळे एकत्र थांबा, फोनवर ग्रिड संदर्भ पाहा, नकाशाशी जुळवा, मग हला. खालचा घसरडा टप्पा उजेडात पार पडेल असं पाहा. दिवसाचे बरेच अपघात उतारावर होतात, पाय थकलेले असतात आणि मन आधीच चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं.

अडचण आली तर

९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ग्रिड संदर्भ, किती माणसं, काय झालं, एवढं सांगा. या भागात डडन अँड फर्नेस माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक येतात. ते पैसे घेत नाहीत, त्यामुळे बिलाच्या धास्तीने फोन टाळू नका. रेंज क्षीण असेल तेव्हा संदेश पाठवता यावा म्हणून घरूनच ९९९ वर इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवून नंबर नोंदवून ठेवा, आलेल्या उत्तराला होकार द्यायला विसरू नका. फोन बंद पडला तर मिनिटाभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. अंधारात टॉर्चचे सहा झोत. उत्तर तीनदा येतं.

जाण्याआधी घरी कोणाला तरी सांगून जा: कुठली वाट, किती माणसं, किती वाजता खाली येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९९९ लावायचा.

हवेने दगा दिला तर

पायथ्याला येऊन माथा काळ्या ढगात दिसला, झाडं वाकलेली दिसली, तर दिवस वाया गेला असं समजू नका. मिलमजवळचं हॉडबॅरो गाठा. १९६८ पर्यंत इथे लोखंडाच्या खाणी चालू होत्या. समुद्र आत येऊ नये म्हणून १९०५ साली पुरी झालेली लांब भिंत अजून उभी आहे आणि तिच्या आतल्या तळ्यावर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. पक्ष्यांसाठी राखलेली जागा आहे, दुर्बीण असेल तर न्या. हवा जरा बरी असेल तर डोंगराच्या ईशान्य पायथ्याचं स्विनसाइड हे ५५ दगडांचं प्राचीन वर्तुळ पाहता येईल. ते खासगी शेतात आहे, पायवाटेवरूनच पाहायचं.

खाली आल्यावर पहिलं काम घरी फोन करण्याचं, दुसरं ओले मोजे बदलण्याचं. गाडी अंधार पडल्यावरची असेल तर फलाटावर हेडटॉर्च चालू ठेवा, मात्र झोत खाली वळवा. चालकाला तुम्ही दिसायला हवेत, पण त्याचे डोळे दिपायला नकोत.